मोठा मासा काठाला घेताना तंगूस तुटू नये म्हणून काय काय करायचं

गेल्या उन्हाळ्यात पानशेतच्या बॅकवॉटरला पहाटे कटला लागला, वीस-पंचवीस मिनिटं खेळवला, काठापासून दोन हातांवर आणला, त्याची रुंद काळपट पाठ पाण्याबाहेर दिसली, मी डाव्या हाताने जाळं उचलायला वाकलो आणि तेवढ्यात त्याने शेपटीचा एकच फटका मारला आणि रॉड सरळ झाला. ज्यांनी गळ टाकलाय त्यांना माहितीये ते वजन एकदम नाहीसं होणं काय असतं. पलीकडे गावातले एक काका बसले होते, सगळं आयुष्य पाण्यावर गेलेलं. ते उठून आले, माशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आधी लोंबकळणारी दोरी, म्हणजे तंगूस, हातात घेतली आणि टोक उजेडाकडे धरून बघितलं.

"गाठीत गेलीया. कोरडीच आवळली व्हतीस न्हवं?"

कोरडीच आवळली होती. अंधारात, घाईत, टॉर्च तोंडात धरून. म्हणजे तो मासा पाठ दाखवून गेला साडेसहाला, पण खरा सुटला होता पाच वाजता, मी गाठ मारली तेव्हाच. हे डोक्यात बसलं आणि त्यानंतर मी प्रत्येक तुटलेलं टोक बघायला लागलो, स्वतःचं आणि शेजारच्यांचंही, आणि मला जे दिसलं ते असं की दोरी माशाच्या ताकदीने फार क्वचित तुटते, ती तुटते आपण आधीच करून ठेवलेल्या एखाद्या कच्च्या जागेवर, आणि ती जागा बहुतेक वेळा घरी बसूनच सापडली असती. म्हणून हा सगळा लेख त्या कच्च्या जागा एकेक करून शोधण्याबद्दल आहे.

आधी तुटलेलं टोक वाचायला शिका

टोक स्प्रिंगसारखं कुरळं झालं असेल तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ घसरून सुटलीये. टोक खरखरीत असेल आणि त्याच्या वरच्या हात-दीड हातात नख फिरवल्यावर ओरखडे लागत असतील तर दगडाला किंवा बुडालेल्या खोडाला घासली. टोकाजवळ दोरी बारीक झालेली, ताणून पांढरट पडलेली दिसली तर ओढ जास्त झाली, म्हणजे ड्रॅग (मासा किती जोराने ओढेल तेव्हा रिळातून दोरी सुटेल ते ठरवणारा ब्रेक, रिळावरच्या बटणाने लावतात) घट्ट होता किंवा अडकला होता. सुरीने कापल्यासारखं स्वच्छ टोक असेल तर दात, शिंपला नाहीतर दोरी ओवलेल्या रॉडच्या कडीला गेलेला तडा. आणि गरीच्या, म्हणजे गळाच्या आकड्याच्या अगदी वर, गाठीच्या तोंडाशी तुटली असेल तर माझ्यासारखं, आवळताना दोरी भाजली. ब्रेडेडचं, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या दोरीचं, टोक नेहमीच पिंजल्यासारखं दिसतं त्यामुळे तिथे जरा वरची दोरी पण बघावी लागते, एका जागी केसाळ झाली असेल तर घासलीये हे नक्की.

टोक फेकून देऊ नका, निदान बघितल्याशिवाय तरी नाही. मासा गेला तरी कारण हातात राहतं.

बासचे व्हिडिओ बघून ड्रॅग लावू नका

हे मुद्दाम सांगतो कारण नवीन पोरं खडकवासल्याला, मुळशीला नवीकोरी किट घेऊन येतात आणि त्यांनी सगळं शिकलेलं असतं अमेरिकेतल्या लार्जमाऊथ बासच्या व्हिडिओवरून. व्हिडिओ चुकीचे नसतात, मासा वेगळा असतो. बास दबा धरून शिकार करणारा मासा आहे, दाट पाणवनस्पतीत, बुडालेल्या झाडात बसतो, त्यामुळे तिथले लोक ५० ते ६५ पाउंडाची (म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारी) ब्रेडेड लावतात, ड्रॅग जवळजवळ लॉक करतात आणि लागल्या लागल्या त्याला गवतातून उपसून काढतात, वेळ दिला तर तो झाडाला गुंडाळतो. तो उड्या मारतो, डोकं झटकतो, पण ऐंशी-शंभर मीटर सरळ पळत नाही. आणि वजनही बघा, बासचा जागतिक विक्रम २२ पाउंड ४ औंस, १९३२ साली जॉर्ज पेरीने अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात केलेला, आणि २००९ साली जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा बास १० किलोच्या किंचित वर. कटला त्याच्या कितीतरी पुढे वाढतो.

आपल्याकडे कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प), हे सगळे कार्प, आणि नशीब असेल तर महाशीर. हे सगळे लांब पळणारे. पहिल्या धावेला ते दोरी घेणारच, ती घेऊ दिली नाही तर तुटणार, इतकं सरळ आहे. मरळ एकटी बासच्या स्वभावाची, गवतात दबा धरणारी, तिला ते जाड ब्रेडेडचं तंत्र चालतं. पण बासचा खालचा जबडा अंगठ्यात धरून उचलतात तसं मरळीला करायला जाऊ नका, तिला दात असतात.

दोरी निवडताना

साधं नायलॉन तंगूस म्हणजे मोनो, ते ताणतं, रबरासारखं थोडं, तुटायच्या आधी पाव भागापर्यंत लांब होऊ शकतं. ब्रेडेड जवळपास ताणत नाही. दुकानात सगळे ब्रेडेडचं कौतुक करतात कारण बारीक असते, लांब जाते, चावा लगेच कळतो, सगळं खरं. पण काठाशी आलेला मासा फटका मारतो तेव्हा तो झटका कोणीतरी खायला पाहिजे, मोनोत तो दोरी खाते, ब्रेडेडमध्ये सगळा रॉडवर, ड्रॅगवर आणि गाठीवर येतो. म्हणून सुरुवात करणाऱ्याला माझं मत स्पष्ट आहे, पीठ-गोळ्यावर कार्प धरायचे असतील तर चांगल्या कंपनीचं ०.३५ ते ०.४० मिमीचं मोनो घ्या, साधारण १५ ते २० पाउंडाच्या घरात येतं, आणि पुढची दोन वर्षं ब्रेडेडकडे बघू नका.

डब्यावर आकडा काय लिहिलाय त्याच्यावर फार विसंबू नका, जाडी बघा, स्वस्त दोरीत तोच पाउंड लिहायला जाडी जास्त घातलेली असते किंवा आकडाच फुगवलेला असतो. शिवाय नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की कोरड्यापेक्षा जरा कमी ताकदीचं होतं. उन्हाने तर ते खराब होतंच. मी एकदा शहरातल्या एका दुकानातून शोकेसमधलं रीळ घेतलं, काचेवर रोज दुपारचं ऊन, दोरी दिसायला चकचकीत, घरी येऊन साधी गाठ मारून ओढली तर मक्याच्या केसासारखी तुटली. तेव्हापासून दुकानात वरची दोन हात दोरी सोडायला सांगतो, एक साधी गाठ मारतो आणि ओढून बघतो, जो दुकानदार नाही म्हणेल त्याच्याकडून घेत नाही. आणि घरी रॉड गॅलरीत उभा ठेवू नका, गाडीच्या मागच्या काचेखाली तर नाहीच.

दर हंगामाला मोनो बदला. जे लोक ८ हजारांचा रॉड घेतात तेच तीन वर्षं तीच दोरी वापरतात, हे मला खरंच कळत नाही. दोरी सगळ्यात स्वस्त असते आणि मासा आणि तुमच्यामध्ये तीच असते.

रिळावर भरताना

स्पूलच्या, म्हणजे रिळाच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्याच्या, काठापासून २-३ मिमी खाली येईपर्यंत भरा. कमी भरलेली रीळ नुसती फेक कमी करत नाही, त्याच्यामागे साधं गणित आहे. ड्रॅग लावता तेव्हा तुम्ही स्पूल फिरायला किती जोर लागेल ते ठरवता. दोरीचा वेढा मोठा असताना तो जोर २ किलोचा वाटतो, मासा पळत गेला आणि वेढा व्यासाने निम्मा झाला की तेच बटण, तसंच ठेवलेलं, ४ किलोचं होतं. म्हणजे मासा जितका लांब जातो तितका ड्रॅग आपोआप घट्ट होतो, वर लांब गेलेली दोरी पाण्यातून ओढली जाते तिची ओढ वेगळी. म्हणून लांब धावेच्या शेवटी ड्रॅग घट्ट करायचा नसतो, सैल करायचा असतो. लोक बरोबर उलटं करतात, मासा लांब चालला म्हणून घाबरून बटण पिळतात आणि टक्.

ब्रेडेड भरत असाल तर खाली आधी थोडे वेढे मोनोचे द्या, नाहीतर सगळी ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर एकसंध फिरत राहते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅगच खराब आहे. भरताना ओल्या फडक्यात चिमटून ताण देऊन भरा, सैल भरलेली ब्रेडेड पहिल्याच जोराच्या धावेला स्वतःच्याच वेढ्यात रुतते आणि जाम होते.

गाठ, आणि इथे जरा थांबून वाचा

साधी गाठ, आपण पिशवीला मारतो ती, दोरीची ताकद जवळपास निम्मी करते. दोरीत नकळत पडलेली गाठ, वाऱ्याने वेढा पडून बसलेली, तीही तशीच, म्हणजे २० पाउंडाची दोरी तिथे १० ची झाली. अशी गाठ दिसली की नखाने सोडवत बसू नका, सुटली तरी तिथे दोरी मोडलेली असते, कापा आणि परत बांधा.

मी गरीला पालोमार नावाची गाठ मारतो. मोनोला चालते, ब्रेडेडलाही चालते, आणि पहाटे गार पडलेल्या बोटांनी पण जमते. वीतभर दोरी दुहेरी करायची, तो फासा गरीच्या नाकातून काढायचा, मग त्या दुहेरी दोरीची एक सैल साधी गाठ मारायची अशी की गरी मध्ये खाली लोंबकळतीये, आता पुढचा फासा गरीवरून पलीकडे घालायचा, म्हणजे अख्खी गरी त्या फाशातून बाहेर येते. इथपर्यंत काहीच आवळायचं नाही. आता गाठ तोंडात घ्या, चांगली थुंकीने ओली करा, आणि दोन्ही दोऱ्या एकत्र धरून सावकाश ओढा. सावकाश म्हणजे गाठ डोळ्यासमोर बसताना दिसली पाहिजे, वेढे शेजारी शेजारी, एकमेकांवर चढलेले नाहीत. कोरडी दोरी एकदम ओढली की स्वतःवरच घासून तापते आणि नायलॉन उष्णतेने खराब होतं, गाठीच्या तोंडाशी दोरी बारीक सुरकुतल्यासारखी किंवा दुधाळ दिसते, ती दिसली की कापून टाका, दहाव्यांदा असेल तरी. टोक कापताना ३-४ मिमी राहू द्या, फार जवळ कापलं तर गाठ जरा बसली की निसटते.

ब्रेडेडला क्लिंच (दोरीला दोरीचेच पीळ देऊन मारायची गाठ) मारू नका, घसरते. मोनोला क्लिंच चालते, पाच-सहा पीळ देऊन, आणि टोक मोठ्या फाशातून परत काढलेली, म्हणजे इम्प्रूव्ह्ड वाली.

गाठ मारली की तपासायची. गरी पक्कडीत धरा, दोरी हाताला फडकं गुंडाळून त्याच्यावर घ्या, आणि सावकाश पण खरोखर जोराने ओढा, झटका नाही. डोळ्याला चष्मा लावून हे करा, सुटलेली गरी कुठे उडेल सांगता येत नाही. सुटायची असेल तर इथे सुटू दे. आणि उघड्या हाताला ब्रेडेड गुंडाळून कधीच ओढू नका, हात कापतो, आणि खोल कापतो.

मासा धरल्यावर परत बांधा. एक चांगला मासा झाला की ती गाठ संपली असं समजा.

लीडर आणि आपला काळा दगड

पुण्याच्या चारी बाजूंची धरणं बेसाल्टवर आहेत, त्या दगडाच्या कडा पाण्याखाली पण धारदार राहतात. त्यात उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं जुनं सगळं जवळ येतं, शेताचे बांध, बाभळीची खोडं, विहिरींची तोंडं. उजनीत पळसदेवचं देऊळ पाणी कमी झालं की वर येतं, पवनेत वाघेश्वरचं, हे आपण फोटो काढायला बघतो, पण मासा धरणाऱ्याने त्यातून हे घ्यायचं की तुमच्यासमोरच्या सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली पण घडवलेले दगड आणि भिंती असू शकतात. मी मे महिन्यात पाणी खाली असताना बसायच्या जागांचे फोटो काढून ठेवतो, ऑक्टोबरमध्ये पाणी भरल्यावर कुठल्या बाजूला मासा जाऊ द्यायचा नाही ते कळतं. हे फुकटचं काम आहे आणि मला वाटतं कुठल्याही महागड्या दोरीपेक्षा जास्त मासे याने वाचलेत.

ब्रेडेड दगडाला घासली की ताणलेल्या दोऱ्यासारखी तुटते, म्हणून पुढे गरीच्या बाजूला मोनोचा किंवा फ्लुरोकार्बनचा (मोनोसारखीच एकपदरी दोरी) तुकडा, म्हणजे लीडर, पाहिजेच. दोघांची जोड डबल युनी नावाच्या गाठीने, ब्रेडेडचे आठ पीळ, मोनोचे पाच, ओलं करून आवळा. लीडर इतका लांब ठेवा की मासा जाळ्याजवळ येईल तेव्हा ती जोडगाठ रॉडच्या कड्यांतून आत येऊन रिळावर एक-दोन वेढे बसलेली असेल, म्हणजे शेवटच्या फटक्याला जोडगाठीवर ताण नाही आणि तिथे ताणणारं मोनो आहे.

महाशीर तर दगडातच राहणारा. आपल्याकडच्या महाशीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री, कर्नल साईक्सने १८३९ साली त्याचं वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, तीच मुळा-मुठा जी आज आपण बंडगार्डनच्या पुलावरून नाक धरून बघतो. मला हे वाचून खूप वाईट वाटलं होतं. लोणावळ्याला वळवणला टाटा पॉवर गेली कित्येक वर्षं महाशीरची पिल्लं तयार करतीये म्हणून तो टिकून आहे, त्यामुळे लागला तर जपून आणा आणि सोडून द्या. दोरी तुटणं इथे फक्त आपलं नुकसान नाही, तोंडात गरी आणि मागे तीस मीटर दोरी घेऊन तो मासा दगडात अडकून मरतो.

रॉडच्या कड्या

पटकन होणारं काम. कानातला कापसाचा बड घ्या, प्रत्येक कडीतून आतून फिरवा, कापूस कुठे अडकला तर तिथे तडा आहे. टोकाची कडी दोनदा बघा. तडा गेलेली कडी प्रत्येक फेकीला दोरी किसत असते आणि तुम्ही दोरीच्या कंपनीला दोष देत राहता.

ड्रॅग घरी लावा, पाण्यावर नाही

सगळ्यात कच्ची जी वस्तू आहे तिच्या पाव ते एक तृतीयांश ओढीवर ड्रॅग सुटला पाहिजे. २० पाउंड म्हणजे ९ किलो, तर ड्रॅग सव्वादोन ते तीन किलो. ब्रेडेड ३० पाउंडाची आणि लीडर १५ चा असेल तर हिशोब १५ चा, म्हणजे साधारण पावणेदोन ते सव्वादोन किलो. इथे लोक चुकतात, बोटाने दोरी ओढून बघतात आणि म्हणतात ठीके. बोटाला दोन आणि चार किलोतला फरक कळत नाही, निदान मला तरी कळत नाही.

बॅग तोलायचा डिजिटल काटा असेल तर उत्तम. नसेल तर २ लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली पाण्याने भरा, ती झाली २ किलो. दोरी सगळ्या कड्यांतून ओवून बाटलीच्या मानेला बांधा, रॉड जमिनीशी ४५ अंशात धरा आणि पार्किंगमध्ये बाटली हळूहळू उचला. बाटली जमिनीवरून सुटता सुटता ड्रॅग फिरायला लागला पाहिजे. कड्यांच्या घर्षणाची ओढ यात आपोआप धरली जाते, रिळाशी थेट ओढून मोजलं तर ती सुटते. पाच-सहा वेळा करा आणि आवाजाकडे लक्ष द्या, ड्रॅग सुरू होताना अडखळत असेल, आधी अडकून मग एकदम सुटत असेल तर ती तुमची कच्ची जागा, कारण अडकलेल्या त्या क्षणाला ओढ लावलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होते. बहुतेक वेळा आतल्या चकत्या दाबल्या गेलेल्या असतात, महिनोन्महिने ड्रॅग घट्ट ठेवून रॉड कोपऱ्यात उभा केला की हे होतं. घरी आलात की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायची सवय लावा.

मासा लागला

रॉड स्टँडवर असेल तर धावत जाऊन हिसका देऊ नका, बऱ्याचदा मासा स्वतःच्या धावेनेच लागलेला असतो. रॉड उचला, ताण घ्या, बस. ब्रेडेडवर तर हिसका म्हणजे थेट तोंड फाडणं, कटल्याचं तोंड मऊ असतं.

पहिली धाव त्याची. रॉड ४५ अंश, स्पूलला बोट लावायचं नाही, बटण घट्ट करायचं नाही. आणि ड्रॅग फिरत असताना हँडल मारायचं नाही, हे फार महत्त्वाचं, स्पिनिंग रिळात दोरी बाहेर चाललेली असताना तुम्ही एक फेरा मारलात की दोरीला पाच पीळ बसतात, रीळ ५:१ ची, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला पाच वेढे घेणारी असेल तर. पाच मिनिटं असं केलं की दोरी टेलिफोनच्या जुन्या वायरसारखी होते आणि पुढच्या सैल क्षणाला गाठ बसते, आणि ती गाठ म्हणजे निम्मी ताकद, वर सांगितलंय.

थांबला की कामाला लागा. रॉड सावकाश वर उचला, म्हणजे मासा तुमच्याकडे येतो, मग रॉड खाली नेता नेता दोरी गुंडाळा. उचलायचं रॉडने, रिळाने फक्त सैल दोरी गोळा करायची. खाली नेताना दोरी सैल पडू द्यायची नाही. रॉड डोक्याच्या मागे न्यायचा नाही, तसा नेला तर सगळा बाक टोकाला येतो आणि रॉडच मोडतो.

काकांनी त्यानंतर एकदा मला शेजारी बसवून रोहू धरू दिला, मी रॉड वर धरून नुसता ओढत होतो, ते म्हणाले, "आरं वर काय वढतोस, त्यो काय आभाळात जायाचाय व्हय? आडवा घे." आडवा म्हणजे रॉड पाण्याला समांतर करून मासा जिकडे चाललाय त्याच्या उलट बाजूला ताण. वर ओढलं की मासा फक्त डोकं खाली घालून जोर लावतो, आडवं ओढलं की त्याचं डोकं वळतं आणि डोकं वळलं की अंग वळतं. दगडाकडे किंवा खोडाकडे निघाला की जोर न वाढवता बाजू बदलायची. अडकलाच तर खेचू नका, ताण पूर्ण सोडा, एक-दोन मिनिटं थांबा, खूपदा तो स्वतःच ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो.

शेवटचे तीन मीटर

माझ्या डोळ्यांसमोर जितके मोठे मासे गेले त्यातले बहुतेक इथे गेले. कारण सरळ आहे. लांब असताना तीस-चाळीस मीटर दोरी ताणून झटका खात होती, आता बाहेर दोनच मीटर आहे, ताणायला काही उरलेलं नाही. माशाने तुम्हाला बघितलं, जाळं बघितलं, आणि त्याच्याकडे एक फटका शिल्लक असतोच. आणि नेमकं तेव्हा आपलं लक्ष जाळ्याकडे असतं.

म्हणून मासा काठाजवळ यायच्या आधी, तो अजून दहा मीटरवर असताना, ड्रॅग पाव फेरा सैल करा. रॉडच्या टोकापासून माशापर्यंत निदान रॉडच्या लांबीइतकी दोरी बाहेर ठेवा, त्याहून जास्त गुंडाळू नका, नाहीतर स्विवेल (दोरीत बसवलेली फिरती कडी) टोकाच्या कडीत ठोकतं. जाळं आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा, मांडी घालून बसलात तरी चालेल, उभ्या माणसाची सावली पडली की मासा परत पळतो. तो पळाला तर पळू द्या, दोन-तीन वेळा पळेलच. मग जेव्हा कुशीवर होईल, पांढरं पोट दिसेल, तेव्हा त्याला डोक्याकडून जाळ्यावर ओढत आणा आणि जाळं वर उचला. जाळ्याने माशाच्या मागे धावायचं नाही, शेपटीकडून तर कधीच घालायचं नाही, शेपटीला जाळं लागलं की तो पुढे उसळतो, आणि जाळ्याच्या कडेला दोरी घासली तर खेळ संपला. मासा आत आला की ड्रॅग सोडून द्या आणि जाळं दांड्याने न उचलता कड्याला धरून उचला, दांडा वाकतो.

दोरीने मासा पाण्याबाहेर उचलायचा नाही. पाण्यात पाणी त्याला तोलून धरतं, बाहेर काढलात की ७ किलोचा मासा पूर्ण ७ किलोचा होतो आणि वर तो झटकतो, १५ पाउंडाची दोरी, तीही अर्धा तास ताणलेली आणि गाठ असलेली, ती हे का सहन करेल. जाळं नसेल तर उतार असलेल्या मातीच्या काठावर, ओला हात करून, हळूहळू त्याच्या स्वतःच्या हालचालीबरोबर सरकवत आणा. दगडी काठावर जाळ्याशिवाय बसूच नका.

दोघे असाल तर आधीच ठरवा जाळं कोण धरणार आणि त्याला सांगा की मी म्हणेन तेव्हाच उचल. एकटे असाल तर जाळं मासा लागायच्या आधी उजव्या-डाव्या ज्या हाताला सोयीचं त्या बाजूला, उघडून, पाण्याला लागून ठेवलेलं पाहिजे. मला त्या पहाटे वाकावं लागलं होतं.

मासा झाल्यावर

पहिला मीटर-दीड मीटर ओठांतून किंवा दोन नखांमधून ओढून बघा, डोळ्याला न दिसणारा ओरखडा ओठाला लागतो. लागला तर तिथून कापा, परत गाठ, परत थुंकी, परत ओढून बघणं. कंटाळा येतो, पाण्यात मासे उसळत असतात, तरी करा.

कापलेले तुकडे खिशात. मी पाण्याच्या बाटलीत भरून घरी आणतो आणि बारीक कापूनच कचऱ्यात टाकतो. उजनीकाठच्या भिगवणला पायाला तंगूस गुंडाळलेला बगळा मी स्वतः बघितलाय, उडायला बघत होता आणि बाभळीला अडकत होता, आम्ही दोघांनी मिळून तो सोडवला तेव्हा त्याचा पाय दोरीच्या खाली काळा पडला होता. ती दोरी कोणाच्या तरी रॉडवरून तुटलेली होती, टोक मी बघितलं, कुरळं होतं.

आणि बसायच्या आधी विचारा. धरणांत मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी तिथल्या मच्छीमार संस्थेकडे असतो, काही काठांवर बंदीच आहे. पावसाळ्याच्या तोंडाला पोटात अंडी असलेले मासे वर येतात तेव्हा रॉड बाजूला ठेवा, ते महिने दोरी बदलायला, कड्या तपासायला आणि पार्किंगमध्ये बाटली उचलायला चांगले असतात.